मळ्याचा पत्ता

मी एक जुनी लायब्ररी आहे, मित्रांनो. लगेच कपाटं, पुस्तकं आणि 'शांतता राखा'ची पाटी डोळ्यांसमोर आणू नका. मी संगणकातली लायब्ररी. म्हणजे कुणीतरी एकदा खपून लिहून ठेवलेलं काम, जे मग बाकीचे लोक आपापल्या प्रोग्रॅममध्ये आयतं उचलून वापरतात. मला हातपाय नाहीत, गंज चढत नाही, तरी म्हातारपण येतं. कसं येतं ते विचारू नका. आलंय एवढं खरं.

माझं काम पत्ते उकलायचं. मोबाइलवर एखाद्या निळ्या ओळीवर तुम्ही बोट टेकवता ना, ती ओळ म्हणजे पत्ता. तो आधी माझ्याकडे येतो आणि मी त्याचे तुकडे करते. सगळ्यात पुढे, दोन टिंबांच्या आधी, एक छोटा शब्द असतो. त्याला स्कीम म्हणतात. जायचं कसं ते तो सांगतो. एसटीनं, रेल्वेनं की पायी, तसं समजा. त्याच्या मागे कुणाच्या घरी जायचं ते, आणि मग घरातल्या कुठल्या खोलीत ते. तुकडे नीट लागले की मी 'बरोबर' म्हणते, नाही लागले तर 'चूक' म्हणते. बास. दिवस उगवल्यापासून हेच. मावळल्यावरही हेच, कारण माणसं अंथरुणात शिरतात तीसुद्धा मोबाइल घेऊन.

मला जन्म दिला जयसिंगपूरच्या जिनेशनं. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि घराच्या माडीवर बसून मला लिहायचा. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची त्यांच्या घरची रीत. आई खालून हाका मारून मारून थकायची. "जिन्या, ताट वाढलंय, ये की रं!" आणि हा वरून ओरडायचा, "एवढी एक ओळ हुंदे!" त्या एका ओळीपायी किती वेळा उपाशी झोपला असेल देव जाणे. पण पोरानं मन लावून काम केलं. माझी प्रत्येक ओळ तो दहादा वाचायचा. एवढं कौतुक मला पुन्हा कधी लाभलं नाही.

मग मी जगात गेले. कुणी मला बँकेच्या प्रोग्रॅममध्ये घातलं, कुणी शाळेच्या, कुणी कापडदुकानाच्या. सुरुवातीला लोक जिनेशला लिहायचे, भारी काम केलंस म्हणायचे, आणि तो आईला वाचून दाखवायचा. आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण तिचं तोंड फुलायचं. पुढे त्याला बंगळूरला नोकरी लागली. लग्न झालं. पोर झालं. मला तो विसरला. लोकांच्या तक्रारी येत राहिल्या, साचत राहिल्या. वापरणारे वापरत होतेच, फक्त माझ्याकडे बघत कुणी नव्हतं. मी चालते तोवर माझी कुणाला आठवण नसते आणि अडखळले की सगळ्यांना माझं नाव पाठ असतं. वाईट वाटायचं. नंतर तेही वाटायचं बंद झालं.

असे दिवस चालले असताना कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, निशिगंधा नावाच्या मुलीनं मला आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतलं. खोलीचा आणि कंपनीचा मालक अमरसिंह. माणूस मनानं चांगला, पण आवाज असा की खालच्या दुकानातल्या माणसाला वाटावं, आपल्यालाच बोलावलं. तो गुरांच्या डॉक्टरांसाठी एक ॲप करत होता. शेतकऱ्यानं मोबाइलवर एक बटण दाबायचं, की त्याच्या मळ्याचा पत्ता डॉक्टरच्या मोबाइलवर जाणार. डॉक्टरनं त्यावर बोट टेकवायचं, की नकाशा त्याला सरळ गोठ्यापर्यंत नेणार. मळ्यात मोबाइलला रेंज जेमतेम, म्हणून ठिकाण आधीच एकदा नोंदवून ठेवायचं, असं ठरलं.

आता मळ्याला कुठला आलाय पत्ता? शिरोळ तालुक्यात बघाल तिकडं ऊस. उसातून चिंचोळी वाट, म्हणजे पाणंद, पाणंदीच्या टोकाला चार पत्र्यांचं घर आणि गोठा. घर नंबर नाही, गल्ली नाही, पाटी नाही. म्हणून निशिगंधानं ठरवलं, की मला नव्या प्रकारचा पत्ता शिकवायचा. त्याची स्कीम जिओ. त्या नावाच्या मोबाइल कंपनीशी त्याचा काही संबंध नाही बरं का. या पत्त्यात दोन टिंबांनंतर थेट दोन आकडे असतात. पृथ्वीच्या पाठीवर उभं किती आणि आडवं किती, म्हणजे अक्षांश आणि रेखांश, एवढंच. गाव नाही, नाव नाही, काही नाही.

मी म्हटलं, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आहेत त्या पत्त्यांनी जीव मेटाकुटीला आलाय, त्यात हा नवा पाहुणा. पण माझं ऐकतो कोण?

निशिगंधानं आधी जिनेशला फोन केला. रीतच आहे; ज्यानं लिहिलं त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तिकडून जिनेश म्हणाला, "तूच बघ की. मला आता त्यातलं काय आठवत बी न्हाय. बदल करायची किल्ली देतो, काय करायचं ते कर." इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली, त्यानं मला एका फोनमध्ये देऊन टाकलं. खोटं कशाला बोलू, लागलं मनाला.

मग माझं ऑपरेशन सुरू झालं. अडचण अशी होती, की माझ्या हाडामांसात एक नियम मुरला होता: दोन टिंबांच्या मागे दोन तिरक्या रेघा असायलाच पाहिजेत. जिनेशला तेव्हा तसलेच पत्ते ठाऊक होते, त्याचा तरी काय दोष? नव्या पत्त्याला रेघाच नव्हत्या. निशिगंधानं एका ठिकाणी नियम सैल केला, तर जुने सरळसाधे पत्ते मला उकलेनात. ते जमवलं, तर आणखी तिसरंच काहीतरी कोसळलं. ती कपाळाला हात लावून म्हणायची, "आता ह्या म्हातारीला काय झालं?" म्हातारीला काय होणार? इथं ओढलं की तिथं उसवतं, ते व्हायचं ते होत होतं.

अमरसिंह मधून मधून डोकावायचा. "झालं काय गं?"

"न्हाय अजून, अमरदादा. जुनं मोडालंय."

"तू नाद सोडू नको. पुढच्या आठवड्यात दाखवायचंय लोकांस्नी."

तिनं नाद सोडला नाही. माझी एक एक जुनी गाठ सोडवून तिनं नीट बांधली. शेवटी मी नवे पत्ते उकलायला शिकले. दोन आकडे आहेत का, मध्ये स्वल्पविराम आहे का, पहिला नव्वदाच्या पुढे तर नाही ना, हे बघायचं आणि 'बरोबर' म्हणायचं. जुने पत्तेही पहिल्यासारखे चालू लागले. निशिगंधा खुर्चीत मागे रेलून हसली आणि म्हणाली, "शाब्बास गं म्हातारे." खरं सांगू, थकवा होता तो होताच, पण बरं वाटलं.

ती माझ्यात अडकलेली असताना एक काम तिनं अमरसिंहावर सोपवलं होतं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात जाऊन शेतकऱ्यांची ठिकाणं नोंदवून आणायची. "मळ्यांची ठिकाणं तेवढी भरून घ्या," एवढंच ती म्हणाली, आणि परत मान खाली घालून कामाला लागली.

गावात गेल्यावर अमरसिंहानं विचारलं, सगळी माणसं एका जागी कुठं भेटतील? हा काय प्रश्न झाला? सकाळी दूध संस्थेत. त्या गावाचं सगळं संस्थेतच चालतं. पोस्टमन पत्रं तिथंच टाकतो, सोयरीक तिथंच जुळते, भांडण तिथंच लागतं आणि तिथंच मिटतं. अमरसिंह उजाडायला संस्थेच्या दारात हजर. दुधाच्या किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती. त्यानं एकेकाचा मोबाइल घेतला, ॲप घातलं आणि सांगितलं, "हे बटण दाबा. झालं तुमचं ठिकाण पक्कं." बटण दाबलं की माणूस जिथं उभा आहे तीच जागा नोंदली जाते, हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना कुणी विचारलं. एकेकानं किटली खाली ठेवली, अंगठा टेकवला, किटली उचलली आणि पुढे सरकला. सूर्य वर यायच्या आत अख्ख्या गावाचे मळे संस्थेच्या अंगणात येऊन बसले.

ते सगळे पत्ते माझ्या हातून गेले. दोन आकडे, मध्ये स्वल्पविराम. बरोबर. पुढचा. बरोबर. पुढचा. मला एका वेळी एकच पत्ता दिसतो. तो हातावेगळा झाला की माझ्याकडे त्याचं काही उरत नाही. मला घडवलंय तसंच. पत्ता नीट लिहिलाय का, एवढंच मला कळतं. तो खरा आहे का, हे मला कधीच कुणी विचारलेलं नाही.

अमरसिंह कोल्हापूरला आला तो हवेतच. "एका सकाळीत गाव उरकलं बघ! नाद खुळा काम!" निशिगंधानं विचारलं, "आकडे नीट आलेत न्हवं?" आणि माझ्याकडे पाहिलं. एकही चूक निघालेली नव्हती. ती निर्धास्त झाली.

मित्रांनो, मी एकाच वेळी कितीतरी मोबाइलमध्ये असते. म्हणून पुढचं सांगते ते ऐकीव नाही.

त्याच गावात पद्मावती आणि तात्यासो हे नवरा-बायको मळ्यात राहतात. पद्मावतीला गाव पद्माक्का म्हणतं. त्यांची काशी नावाची म्हैस गाभण होती. पहिल्या दोन वेतांना तिला रेडेच झाले होते. या खेपेला रेडी व्हावी, गोठ्यात काशीची लेक राहावी, अशी पद्माक्काची फार इच्छा. रोज तिच्या पाठीवरून हात फिरवून ती सांगायची, "या येळंला लेकच दे गं बाई."

काशीला वेणा सुरू झाल्या त्या भर दुपारी. रेडकाचा एक पाय बाहेर आला आणि पुढे काही हलेना. पद्माक्कानं हात घालून पाहिलं. दुसरा पाय आत मुडपलेला होता. म्हैस अडली. पद्माक्कानं तशाच माखलेल्या बोटानं ॲपचं डॉक्टरला बोलवायचं बटण दाबलं आणि मोबाइल गव्हाणीवर ठेवला.

डॉक्टर राजवर्धन जवळच्याच गावात होता. पत्ता त्याच्या मोबाइलवर गेला, त्यानं बोट टेकवलं, मी तुकडे केले, बरोबर म्हटलं आणि नकाशा त्याला घेऊन निघाला. पोरगा गाडी दामटत आला. नकाशा म्हणाला, पोचलात. समोर दूध संस्था आणि दाराला कुलूप. संस्था सकाळ-संध्याकाळ उघडते. दुपारी तिथं चिटपाखरू नसतं.

त्यानं फोन लावला. तात्यासोंनी उचलला.

"काका, आलोय मी. म्हस कुठं हाय?"

"गोठ्यात हाय की! तुमी कुठं हायसा?"

"संस्थेपाशी. मॅप म्हणतोय पोचलो म्हणून."

"मग मॅपला म्हणावं, म्हस दाव!" तात्यासो खेकसले. "तिकडं न्हाय ओ, मळ्यात! कॅनॉल धरून सरळ या. पाटलाच्या मळ्याम्होरनं डावीकडं वळा."

"कुठल्या पाटलाच्या?"

आता याला काय उत्तर द्यायचं? निम्मं गाव पाटील. तात्यासो स्वतः पाटील. राजवर्धननं पुन्हा माझ्यावर बोट टेकवलं, वाटलं असेल काही हुकलं असेल. मी पुन्हा तेच दोन आकडे दिले. तो कॅनॉल धरून निघाला. पहिल्या पाटलाच्या मळ्यात कुत्रं अंगावर आलं. दुसऱ्या पाटलांनी "पावणं, बसा तरी, चा घ्या" म्हणून आग्रह धरला. ऊस डोक्याच्या वर गेलेला, सगळ्या पाणंदी एकसारख्या, बघावं तिकडं पानंच पानं. तो वळायचा, थांबायचा, फोन लावायचा. फोन लागायचा नाही.

शेवटी तात्यासो म्हणाले, "मीच आणतो त्येला," आणि लुना काढून गेले. पद्माक्का एकटी राहिली. तिचा एक हात काशीच्या पोटात, दुसरा पाठीवर. "दम धर माझी बाय, यालाय डागदर, आलाच बघ," एवढंच ती परत परत म्हणत होती. काशीची मान खाली गेली होती. मी गव्हाणीवर होते. माझ्याजवळ त्या गोठ्याचा पत्ता नव्हता आणि असता तरी मी तो कुणाला हाक मारून सांगू शकले नसते. इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते.

तात्यासोंच्या मागोमाग राजवर्धन आला तो गाडी आडवी टाकूनच धावला. त्यानं आतला पाय सरळ केला, त्यानं आणि तात्यासोंनी मिळून ओढलं, रेडकू बाहेर आलं. त्यानं त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, पाय धरून उलटं केलं. पुन्हा चोळली. मग थांबला.

"काकू, म्हस वाचली तुमची."

पद्माक्का खाली बघत म्हणाली, "रेडी हुती."

काशी मान वळवून वळवून त्या निपचित जिवाला चाटत राहिली. कुणी तिला अडवलं नाही.

ही बातमी राजारामपुरीत पोचली आणि मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. अमरसिंह टेबलावर हात आपटून म्हणाला, "तुझी ती लायब्ररी भंगारात घाल आधी! जुनी म्हातारी, तिला नवं शिकवाय गेलीस. गंडली ती!"

निशिगंधालाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती सकाळी बसली ती उठलीच नाही. तिनं मला हजार तऱ्हेनं तपासलं. मोठे आकडे दिले, छोटे दिले, उलटे दिले, मुद्दाम चुकीचे दिले. मी निमूटपणे उत्तरं देत गेले. माझ्यात काही सापडेना. तिचा चेहरा उतरत गेला, कारण माझ्यात चूक सापडली असती तर ते दुरुस्त करणं सोपं होतं. मग तिनं त्या गावातले सगळे पत्ते एकाच नकाशावर टाकले. एवढं मोठं शिवार, आणि सगळ्या टाचण्या एकाच ठिपक्यावर, एकीवर एक.

"अमरदादा, जरा हिकडं या."

अमरसिंहानं पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला नाही. "आयला," तो म्हणाला, "सगळी संस्थेतच की गं." मग जरा वेळानं, "मग परत बोलवूया सगळ्यांस्नी. उद्या सकाळी, संस्थेत—" म्हणता म्हणता त्याचं त्यालाच कळलं.

"बोलवायचं न्हाय दादा," निशिगंधा म्हणाली. "जायाचं. दारात."

स्कूटी काढून ती गेली. सगळ्यात आधी पद्माक्काच्या मळ्यात. पाणंदीत चिखल होता, शेवटचा तुकडा तिला गाडी ढकलत न्यावी लागली. पद्माक्का गोठ्यातच होती. काशी धार देत नव्हती. रेडकू समोर नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, तटतटलेली कास तशीच. पद्माक्का पेंड चारत होती, पाठ थोपटत होती, काशी खात नव्हती. दावणीच्या रिकाम्या खुंटीकडे बघून हंबरत होती.

"आक्का," निशिगंधा म्हणाली, "ते ॲप मी केलंय. ठिकाण चुकीचं पडलं. मी एकदा बी हिकडं आले न्हाय. माझ्यामुळं झालं हे." आणि तिला रडू फुटलं.

पद्माक्कानं पेंडीचा आणखी एक घास काशीपुढे धरला. रागावली असती तर बरं, असं मलासुद्धा वाटलं. शेवटी तिनं पेंडीचे हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "आता काय करायला आलीस?"

"खरं ठिकाण घ्यायला. घेऊ?"

निशिगंधानं मोबाइल पुढे धरला. पण काशी पुन्हा हंबरली आणि तिचं बोट बटणावर टेकेना. तशीच उभी राहिली पोरगी. तेव्हा पद्माक्कानं तिचं मनगट धरलं, तिला ओढून गव्हाणीपाशी, काशीच्या अगदी जवळ आणून उभं केलं आणि म्हणाली, "हितं. हितनं दाब. पुढच्या वेताला तरी डागदर दारात येऊ दे."

बटण दाबलं गेलं. दोन आकडे माझ्याकडे आले. निशिगंधा डोळे पुसून पुढच्या मळ्याकडे निघाली, आणि उसातून गाडी ढकलत ती घरोघर जातेच आहे अजून.

मित्रांनो, माझ्यासारख्या थकलेल्यांना तुम्ही नवं शिकवा, जरूर शिकवा. कुरकुरत का होईना, शिकतो आम्ही. पण तुम्ही जे आमच्या हाती द्याल, तेच आम्ही पुढे देतो. त्यातलं खरंखोटं बघायला आम्हाला डोळे नाहीत, ते तुम्हाला आहेत. तेव्हा कुणाचा पत्ता घ्यायचा असेल तर चार पावलं चालून त्याच्या दारात जा. चिखल असेल, कुत्रं भुंकेल, चहा घ्यायला बसवून ठेवतील. तरी जा.